डायनामाइटच्या जनकाचे दुखरे हृदय

१८९६ सालच्या ऑक्टोबर महिन्याचा शेवटचा आठवडा. चारच दिवसांपूर्वी वयाची ६३ वर्षे पूर्ण केलेला एक श्रीमंत, अविवाहित आणि एकाकी गृहस्थ पॅरिसमध्ये अडकून पडला होता. छातीतील दुखणे बळावले होते आणि उपचारांविषयी डॉक्टरांचे एकमत होईपर्यंत त्याला तेथून हलता येणार नव्हते. २५ ऑक्टोबरला त्याने स्वीडनमधील आपला तरुण सहायक रॅग्नर सोलमन याला पत्र लिहिले. दैवाची थट्टा पाहा, अशा अर्थाची एक तक्रार त्या पत्रात होती. डॉक्टरांनी त्याला पोटात घेण्यासाठी जे औषध लिहून दिले होते, ते होते नायट्रोग्लिसरीन. औषधविक्रेत्याने आणि गिऱ्हाइकाने दचकू नये म्हणून त्याला ट्रायनायट्रिन असे सोज्वळ नाव देण्यात आले होते, एवढेच.

पत्र लिहिणारा होता आल्फ्रेड नोबेल. नायट्रोग्लिसरीन या नावाने जगात दचकायला नको असलेला बहुधा हा एकच माणूस. या द्रवाने त्याच्या धाकट्या भावाचा बळी घेतला होता, याच द्रवाने त्याला युरोपातील बड्या धनिकांच्या पंक्तीला नेऊन बसवले होते. त्याचे गुण, त्याचे दोष, त्याची लहर त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. तरीही ते औषध त्याने घेतले नाही. नायट्रोग्लिसरीनने डोके दुखते हे त्याला अनुभवाने माहीत होते. त्याने छातीतील कळ थांबेल यावर मात त्याचा विश्वास बसला नाही. डॉक्टरांचे बरोबर होते, हे आज आपण सांगू शकतो. पण ते का बरोबर होते, हे त्या डॉक्टरांनाही सांगता आले नसते. त्या उत्तरासाठी आणखी ८० ते ९० वर्षे जावी लागली आणि ते शोधणाऱ्यांना जो पुरस्कार मिळाला, तो याच नोबेलच्या पैशातून.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील इमॅन्युएल हे कल्पक, धडपडे आणि व्यवहारात वारंवार आपटणारे गृहस्थ. आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. १८३७ मध्ये नशीब काढायला ते आधी फिनलंडला आणि तेथून रशियात गेले. मागे राहिलेल्या आई आंद्रिएटने किराणा आणि दूधदुभत्याचे छोटेसे दुकान चालवून मुलांना वाढवले. आल्फ्रेड हे त्यातले सर्वात नाजूक, सतत आजारी पडणारे पोर. आईविषयीची त्याची ओढ पुढे आयुष्यभर टिकली. जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी तिच्या वाढदिवसाला तो स्टॉकहोम गाठण्याची धडपड करी.

सेंट पीटर्सबर्गमध्ये वडिलांचे बस्तान बसले. रशियन आरमारासाठी ते पाण्यातील सुरुंग बनवू लागले आणि १८४२ मध्ये कुटुंब तेथे गेले. मुलांना घरी शिकवायला उत्तमोत्तम शिक्षक येत. त्यांत निकोलाय झिनिन हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. सतरा वर्षांचा होईपर्यंत आल्फ्रेड स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्लिश आणि जर्मन या पाच भाषा सफाईने बोलत आणि लिहीत होता. त्याला कविता आवडत, तो स्वतः इंग्रजीत कविता लिहीत असे. वडिलांना हे लक्षण फारसे पसंत पडले नसावे. त्यांनी त्याला १८५०च्या सुमारास परदेशी धाडले आणि तो पॅरिसमध्ये थिओफिल पेलूझ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

या पेलूझ यांचाच एक जुना शिष्य इटलीत तुरिनला प्राध्यापक होता. त्याचे नाव आस्कानिओ सोब्रेरो. १८४७ मध्ये त्याने ग्लिसरीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून एक तेलकट द्रव तयार केला होता. तो इतका भयंकर स्फोटक निघाला की, सोब्रेरोच्या चेहऱ्यावर त्याच्या खुणा कायमच्या राहिल्या. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांची एक खोड अशी, की नवा पदार्थ हाती आला की ते तो चाखून पाहत. सोब्रेरोनेही कणभर थेंब जिभेवर ठेवला. काही क्षणांत डोके फुटेल असे ठणकू लागले. या निरीक्षणाची त्याने प्रामाणिकपणे नोंद करून ठेवली. म्हणजे नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्यांवर काहीतरी करते, हे त्याच्या जन्मापासूनच नोंदवलेले आहे. ते काय करते, हे कळत नव्हते.

क्रिमियाचे युद्ध १८५६ मध्ये संपले, रशियन सरकारच्या मागण्या आटल्या आणि इमॅन्युएल पुन्हा एकदा बुडाले. ते पत्नीला आणि धाकट्या एमिलला घेऊन स्टॉकहोमला परतले. थोरले दोघे भाऊ, रॉबर्ट आणि लुडविग, रशियातच राहिले आणि पुढे बाकूच्या तेलाने गब्बर झाले, पण ती वेगळी कथा आहे. नायट्रोग्लिसरीनचे अजब गुण झिनिन यांनी नोबेल पितापुत्रांना दाखवले होते. ऐरणीवर थेंब ठेवून हातोडा हाणला की जेवढा भाग चेपला जाई तेवढाच उडे. बाकीचा द्रव शांत. हे जनावर हुकमी उडवायचे कसे, हा आल्फ्रेडपुढचा प्रश्न होता. १८६३ मध्ये त्याने त्याचे उत्तर शोधले. लहान स्फोटाने मोठा स्फोट घडवायचा. बंदुकीच्या दारूची छोटी नळी आत पेटवायची, तिच्या धक्क्याने भोवतीचे नायट्रोग्लिसरीन उडते. स्फोटकशास्त्राच्या इतिहासात ही कल्पना डायनामाइटहूनही मोलाची मानली जाते.

३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनबोर्ग येथील नोबेलांचे छोटेसे प्रयोगगृह स्फोटात उडाले. मेलेल्यांत विशीतला एमिल होता. आल्फ्रेड वाचला. काही आठवड्यांतच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते पुन्हा पूर्णपणे सावरले नाहीत. त्यांचा मृत्यू झाला तोही १८७२ सालच्या ३ सप्टेंबरलाच. एमिलविषयी आल्फ्रेड पुढे फारसे बोलला-लिहिला नाही. काम मात्र थांबवले नाही. नगरपालिकेने शहरात हा उद्योग करायला बंदी घातली, तेव्हा त्याने मेलारेन सरोवरात एक तराफा नांगरला आणि त्यावर नायट्रोग्लिसरीन बनवले. याला जिद्द म्हणायचे की निष्ठुरपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच शरद ऋतूत त्याने कंपनी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी हॅम्बुर्गजवळ क्रुमेल येथे कारखाना काढला.

माल खपत होता आणि माणसे मरत होती. १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर माल उतरवणारे जहाज उडाले, सान फ्रान्सिस्कोत एक कचेरी उडाली, क्रुमेलचा कारखानाही उडाला. धक्का लागला की उडणारा हा द्रव कुठल्या तरी घन पदार्थात मुरवून ठेवता आला पाहिजे, हे स्पष्ट होते. क्रुमेलच्या परिसरात मिळणारी कीझेलगूर नावाची भुसभुशीत, सच्छिद्र माती त्याला उपयोगी पडली. तीन भाग नायट्रोग्लिसरीन आणि एक भाग माती यांचा मळलेल्या कणकेसारखा गोळा होई. तो आपटला, पेटवला तरी उडत नसे. नोबेलचा स्फोटकमणी लावला तरच उडे. १८६७ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले आणि त्याला नाव दिले डायनामाइट.

पुढची वीस वर्षे म्हणजे नुसती घोडदौड आहे. स्कॉटलंडमध्ये आर्डीर, इटलीत आव्हिल्याना, फ्रान्स, स्पेन, अमेरिका. आल्प्सच्या पोटातील गॉटहार्ड बोगदा याच डायनामाइटने फोडला. १८७५ मध्ये त्याहून जोरकस ब्लास्टिंग जिलेटिन, १८८७ मध्ये धूर न सोडणारी बॅलिस्टाइट ही दारू. हयातभरात त्याच्या नावावर ३५५ पेटंटे जमा झाली. सोब्रेरोला तो विसरला नाही. आव्हिल्यानाच्या कारखान्यात सल्लागार म्हणून त्याला वेतन सुरू केले. स्वतः मात्र एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात, एका आगगाडीतून दुसऱ्या आगगाडीत असा फिरत राहिला. १८७३ मध्ये पॅरिसला घर घेतले, पण त्या घराला घरपण आले नाही.

या सगळ्या कारखान्यांत एक तक्रार सामाईक होती. नव्याने कामाला लागलेला माणूस पहिल्या दिवशी डोके धरून बसे. कानशिले उडत, तोंड लाल होई, उभे राहताच अंधारी येई. दोनचार दिवसांत ते थांबे. रविवारची सुटी घेऊन माणूस सोमवारी परतला की पुन्हा तेच. म्हणून तिला सोमवारचे दुखणे असेच नाव पडले. जुने जाणते कामगार त्यावर उतारा म्हणून सुटीच्या दिवशीही टोपीच्या पट्टीत नायट्रोग्लिसरीनचा अंश बाळगत, म्हणजे अंगाची सवय मोडत नसे. काही कामगारांना उलटाच अनुभव येई. आठवडाभर ठणठणीत असलेल्या माणसाच्या छातीत सुटीच्या दिवशी कळा येत आणि त्यातून अचानक मृत्यूही ओढवत. स्वतः नोबेलला अर्धशिशीचा त्रास होता आणि प्रयोगशाळेतील नायट्रोग्लिसरीनने तो वाढे. कपाळावर ओल्या पट्ट्या बांधून तो काम करी. छातीचे औषध म्हणून हेच रसायन पुढे आले तेव्हा त्याच्या मनात जी नापसंती उठली, तिच्यामागे हा तीस वर्षांचा अनुभव होता.

वैद्यकाने मात्र त्याच डोकेदुखीचा वेगळा अर्थ लावला. एडिंबरोच्या लॉडर ब्रंटनने १८६७ मध्ये, म्हणजे डायनामाइटच्या पेटंटाच्याच वर्षी, असे दाखवले होते की अमायल नायट्राइट हुंगले तर रक्तदाब उतरतो आणि हृदयशूलाची कळ ओसरते. त्यानंतर लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधील विल्यम मरेल या डॉक्टरने नायट्रोग्लिसरीनकडे लक्ष वळवले. त्याने एक टक्का द्रावणाच्या बाटलीचे बूच जिभेला लावले आणि तो रुग्ण तपासू लागला. थोड्याच वेळात त्याचे सारे अंग नाडीसारखे उडू लागले. हातातील लेखणीही हृदयाच्या ठोक्याबरोबर उसळत होती. अमायल नायट्राइटने असेच होते, हे त्याला ठाऊक होते. मग त्याने स्वतःवर तीस-चाळीस वेळा प्रयोग केले, नंतर रुग्णांवर, आणि १८७९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. हृदयशूलावरचे हे औषध तेव्हापासून आजतागायत वापरात आहे. आपल्याकडे घरोघरी वडीलधाऱ्यांच्या खिशात असणारी, छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची छोटी गोळी याच नायट्रेटांच्या कुळातील आहे.

नोबेलला वैद्यकाविषयी अनास्था होती असे मात्र नाही. १८८९ मध्ये आई गेली, तेव्हा तिच्या वारशातून त्याने स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेला तिच्या नावाने प्रायोगिक वैद्यकासाठी निधी दिला. १८९० मध्ये योन्स योहान्सन या तरुण स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाला त्याने पॅरिसजवळच्या सेव्रां येथील आपल्या प्रयोगशाळेत पाच महिने ठेवून घेतले. रक्तसंक्रमणाविषयीच्या स्वतःच्या काही कल्पना त्याला तपासून हव्या होत्या. सेंट पीटर्सबर्गमध्ये पाव्हलॉव्ह जेथे काम करीत होते, त्या संस्थेलाही त्याने १८९३ मध्ये दहा हजार रुबल दिले. दारूगोळ्याच्या या व्यापाऱ्याला रक्त कसे वाहते याचे कुतूहल होते. फक्त स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर प्रयोग करून घेण्याची त्याची तयारी नव्हती.

शेवटची वर्षे कडू होती. लुडविग १८८८ मध्ये गेला. बॅलिस्टाइट इटलीला विकल्यामुळे फ्रान्समध्ये त्याच्यावर देशद्रोह्यासारखी आगपाखड झाली, सेव्रांची प्रयोगशाळा बंद पडली आणि १८९१ मध्ये त्याने पॅरिस सोडून इटलीतील सान रेमो गाठले. १८७६ मध्ये अगदी थोडे दिवस त्याची चिटणीस असलेली बर्था किन्स्की, पुढची बर्था फॉन सुटनर, आता शांतता चळवळीची धुरीण झाली होती. तिच्याशी पत्रव्यवहार चालू राहिला. व्हिएन्नाच्या सोफी हेसशी अठरा वर्षांचे संबंध होते, ते मनस्तापातच संपले. १८९६च्या ऑगस्टमध्ये रॉबर्टही गेला. भावंडांत आल्फ्रेड एकटा उरला. त्या वर्षी तो काय करीत होता? नेमेसिस नावाचे एक शोकांत नाटक छापून घेत होता. त्याच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी त्याच्या जवळजवळ सर्व प्रती नष्ट केल्या.

१० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. शेवटच्या तासांत पाच भाषांवर प्रभुत्व असलेल्या या माणसाला मातृभाषेखेरीज काही बोलता येईना आणि भोवतीच्या नोकरांपैकी कुणालाही स्वीडिश येत नव्हते. जवळचा एकही माणूस उशाशी पोहोचला नाही.

वर्षभरापूर्वी, २७ नोव्हेंबर १८९५ रोजी, पॅरिसमधील स्वीडिश-नॉर्वेजियन क्लबमध्ये त्याने मृत्युपत्रावर सही केली होती. वकिलांवर त्याचा भरवसा नसल्याने ते त्याने स्वतःच, एकटाकी लिहिले होते. तीन कोटी दहा लाखांहून अधिक स्वीडिश क्रोनरच्या व्याजातून दर वर्षी पाच पुरस्कार द्यायचे होते: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक, साहित्य आणि शांतता. हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच मृत्युपत्राचा शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही. मृत्यूनंतर आपल्या शिरा उघडाव्यात, मृत्यूची लक्षणे स्पष्ट असल्याची जाणत्या डॉक्टरांनी खात्री करावी आणि मगच देहाला अग्नी द्यावा, अशी आज्ञा त्यात आहे. जिवंतपणी पुरले जाण्याच्या धास्तीने त्याला आयुष्यभर पछाडले होते. नातेवाईक नाराज झाले, स्वीडनच्या राजालाही हा पैसा परदेशी जाणार हे रुचले नाही. सोलमनचे वय तेव्हा २६. पॅरिसमधील रोखे घोडागाडीतून हलवताना तो मांडीवर रिव्हॉल्व्हर घेऊन बसत असे. पहिले पुरस्कार १९०१ मध्ये दिले गेले. वैद्यकाचा पुरस्कार ठरवण्याचे काम कॅरोलिन्स्का संस्थेकडे होते.

नायट्रोग्लिसरीनचे कोडे सुटू लागले ते १९७०च्या दशकात. १९७७ मध्ये फरीद मुराद यांनी दाखवले की नायट्रोग्लिसरीनपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि त्याने रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात. विजेच्या कडकडाटात आणि मोटारींच्या धुरात सापडणारा हा वायू. तो औषधाचे काम करतो, हेच पुष्कळांना पटण्यासारखे नव्हते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत एक चूक झाली. सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर ते अनेक वर्षे काम करीत होते आणि अॅसिटिलकोलीनच्या जातीचे द्रव्य टाकले की तो तुकडा आकसतो, असा त्यांचा नेहमीचा अनुभव. या वेळी सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि तुकडा चक्क सैलावला. फर्चगॉट यांनी ही चूक झटकून टाकली नाही. खोदून पाहता कळले की, पूर्वी तुकडे कापताना त्यांचे आतील नाजूक अस्तर घासून निघत असे; या वेळी ते शाबूत राहिले होते.

हे अस्तर म्हणजे एण्डोथेलियम. शरीरातील प्रत्येक रक्तवाहिनीला आतून लागलेला, अवघ्या एका पेशीच्या जाडीचा थर. तोवर त्याला नळाच्या आतल्या गुळगुळीत मुलाम्याहून अधिक किंमत कुणी देत नसे. फर्चगॉट यांनी अस्तर खरवडलेला तुकडा अस्तर असलेल्या तुकड्याला चिकटवून ठेवला, तेव्हा खरवडलेला तुकडाही सैलावला. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत होते. १९८० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावे, असा तर्क १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. जे नायट्रोग्लिसरीन बाहेरून देते, ते आपल्या रक्तवाहिन्या जन्मापासून स्वतःच तयार करीत होत्या. वाहत्या रक्ताचा घासा लागला की अस्तरातील पेशी आर्जिनीन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवतात, तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तेथे ग्वानिलेट सायक्लेज नावाच्या विकराला जागे करतो आणि स्नायू ढिला पडतो. काही सेकंदांत वायू नाहीसाही होतो. सोब्रेरोच्या कानशिलांत जे ठणकत होते, मरेलच्या लेखणीला ज्याने उडवले, ते हेच. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. लंडनच्या साल्वादोर मोंकादा यांनी १९८७ मध्ये या शोधाचा भक्कम पुरावा दिला होता, त्यांना वगळल्याबद्दल बरीच कुजबुज झाली आणि ती अनाठायी नव्हती.

या शोधाचा सर्वात मोठा फायदा, विचित्र वाटेल, पण दुखण्याचे ठिकाण समजण्यात झाला. आपल्याकडे हार्ट फेल झाले म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ घेतात. वैद्यकात त्याचा अर्थ वेगळा आहे. हृदय चालू असते, पण शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलू शकत नाही. असा रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. दोन जिने चढला की धापा टाकतो, संध्याकाळी पायांवर सूज येते. पंप अशक्त झाला एवढेच याचे कारण पूर्वी मानले जाई. पण पंपाला औषधांनी जोर दिला तरी रुग्णाच्या पायांतील थकवा लगेच हटत नाही, हेही डॉक्टर पाहत होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या हातातील धमनीत अस्तराला चेतवणारे द्रव्य सोडून रक्ताचा ओघ मोजला. निरोगी माणसाच्या मानाने तो कमीच वाढला. हृदय छातीत थकले होते आणि हाताच्या रक्तवाहिन्या सैल पडायला विसरल्या होत्या.

असे का होते, त्याचा उलगडा दुष्टचक्रासारखा आहे. हृदय दुबळे झाले की रक्ताचा वेग मंदावतो. अस्तराला घासा कमी लागतो, म्हणून नायट्रिक ऑक्साइड बनवणारी यंत्रणा आळसावते. दुसरीकडे रक्तदाब पडू नये म्हणून शरीर अॅड्रिनलीन आणि अँजिओटेन्सिन यांचा मारा सुरू करते. रक्तस्राव होत असलेल्या माणसाला ही तजवीज वाचवते, दुबळ्या हृदयाच्या माणसाला मात्र ती छळते. अँजिओटेन्सिनमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि ते जेमतेम निर्माण झालेले नायट्रिक ऑक्साइड वाटेतच गिळून टाकतात. भरीला एण्डोथेलिन हे आवळणारे द्रव्य त्याच अस्तरातून वाढीव प्रमाणात सुटते. वाहिन्या आवळलेल्या राहतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलायला हृदयाला अधिक जोर करावा लागतो आणि ते आणखी थकते. अशा रुग्णाने निपचित पडून राहावे, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. १९९८ मध्ये, म्हणजे त्या नोबेलच्याच वर्षी, जर्मनीतील लाइपझिगच्या डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, देखरेखीखाली नियमित व्यायाम केलेल्या रुग्णांच्या अस्तराची ही विसरलेली कला बऱ्याच अंशी परत येते. घासा पुन्हा लागू लागतो, इतके ते साधे आहे.

औषधांची कहाणी एवढी सरळ नाही. नायट्रेटाच्या जोडीला हायड्रॅलझीन हे वाहिन्या सैल करणारे औषध दिले तर हृदय दुबळे झालेले रुग्ण अधिक जगतात, असे ६४२ पुरुषांवरील अमेरिकी चाचणीत १९८६ मध्ये दिसले होते. २००४ मध्ये १०५० कृष्णवर्णीय अमेरिकी रुग्णांवर हीच जोडी पुन्हा तपासली गेली. मृत्यूंचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. औषध वंशावरून द्यावे काय, हा वाद त्यातून पेटला. २०१५ मध्ये उलट घडले. ज्यांचे हृदय आकुंचन नीट पावते पण ताठर होऊन धड भरत नाही, अशांना नायट्रेट दिले तर ते अधिक हिंडूफिरू लागतील अशी अपेक्षा होती. ते आणखी कमी हालचाल करू लागले. २०२० मध्ये व्हेरिसिग्वाट या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ते वायू पुरवत नाही, वायू ज्या विकराला जागे करतो त्यालाच अधिक हळवे करते. ५०५० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय दुबळे झाल्याने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण ३८.५ वरून ३५.५ टक्क्यांवर आले. फरक लहान आहे, पण खरा आहे.

नायट्रोग्लिसरीन अजूनही दिले जाते. एक अडचण मात्र सुटलेली नाही. ते सतत देत राहिले तर एकदोन दिवसांतच शरीर त्याला दाद देईनासे होते. नायट्रोग्लिसरीनमधील वायू सुटा करण्यात मोठा वाटा असलेले विकर त्या कामातच निकामी होत जाते, असे २००२ मध्ये आढळून आले. म्हणून छातीवर लावायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी चोवीस तास ठेवत नाहीत. ती सकाळी लावतात आणि रात्री दहाबारा तासांसाठी काढून ठेवतात. डायनामाइटच्या कारखान्यातील कामगाराच्या अंगाची सवय रविवारच्या सुटीने मोडत असे, ती या रुग्णांची रोज रात्री मोडली जाते. सकाळी नवी पट्टी लावली की पुष्कळांचे डोके थोडा वेळ दुखते.